उशाशी उभ्या असलेल्यांचे विमाकवच

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला विचारले तर सर्जनचे नाव तो लगेच सांगतो. भूल कोणी दिली, हे मात्र बहुतेकांना आठवत नाही. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी असलेली ती व्यक्ती शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके सांभाळत असते. सारे सुरळीत पार पडले की तिची आठवण कोणी काढत नाही. काही बिनसले, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो.

अमेरिकेत ही व्यक्ती अनेकदा डॉक्टर नसते, तर भूलशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेली परिचारिका असते. तिला तिकडे ‘नर्स ॲनेस्थेटिस्ट’ म्हणतात; या व्यवसायात पुरुषही मोठ्या संख्येने आहेत. परिचर्येची पदवी, अतिदक्षता विभागातला अनुभव आणि त्यानंतर भूलशास्त्राचा अभ्यासक्रम, असा हा मार्ग आहे. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम डॉक्टरेट पातळीचा झाला आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या कित्येक रुग्णालयांत भूल देणारी ही एकमेव व्यक्ती असते.

ही परंपरा जुनी आहे. मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये भूल देणाऱ्या ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये आपल्या चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला होता. परिचारिकेने भूल देणे म्हणजे परवान्याविना डॉक्टरकी करणे, असा आक्षेप घेत काही डॉक्टर न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये तो फेटाळला. परिचारिका सर्जनच्या देखरेखीखाली काम करते, हा त्या निकालाचा आधार होता.

देखरेख सैल, जबाबदारी थेट

नेमका तो आधारच आता बदलतो आहे. भूल देणाऱ्या परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख असावी, ही ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्य योजनेची अट आहे. त्या अटीतून बाहेर पडण्याची मुभा २००१ मध्ये राज्यांना मिळाली. आयोवाने सर्वांत आधी ती घेतली आणि आजवर वीसहून अधिक राज्ये त्या वाटेने गेली आहेत. कारण उघड आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टर पुरेसे नाहीत आणि जे आहेत ते शहरांत एकवटलेले आहेत.

नोकरीचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी परिचारिका एखाद्या रुग्णालयाच्या कायम नोकरीत असे. आता अनेक जणी कंत्राटावर काम करतात; तीन महिने एका गावात, पुढचे सहा महिने दुसऱ्या राज्यात. काही जणी भूलसेवा पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे आहेत. या कंपन्यांचे मालक बदलतात, कंत्राटे तुटतात, कधी दिवाळेही निघते.

स्वातंत्र्य वाढले की कायदेशीर जबाबदारीही अंगावर येते. देखरेख करणारा डॉक्टर असतो तेव्हा रुग्णाचा वकील डॉक्टर, रुग्णालय आणि परिचारिका या तिघांवर दावा लावतो. डॉक्टर नसेल तर त्या यादीत परिचारिकेचे नाव वर सरकते. म्हणूनच ‘व्यावसायिक हलगर्जीपणाचा विमा कोणता घ्यावा’ हा तिथल्या परिचारिकांपुढचा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. विम्याची रक्कम किती, हे सगळेच पाहतात. पण पॉलिसी कोणाच्या नावाने आहे, ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे आणि तडजोडीचा निर्णय कोणाच्या हातात आहे, हे तीन प्रश्न रकमेइतकेच किंबहुना अधिक महत्त्वाचे ठरतात.

पॉलिसी कोणाच्या नावाने?

नोकरीत असणाऱ्यांना बहुधा रुग्णालयाच्याच पॉलिसीचे संरक्षण असते. हप्ता मालक भरतो, त्यामुळे परिचारिकेला काही करावे लागत नाही. पण ही पॉलिसी मालकाची असते. वकील मालक आणि विमा कंपनी नेमते, आणि भरपाईची मर्यादा अनेकदा सगळ्यांत वाटलेली असते. एकाच घटनेत सर्जन, रुग्णालय आणि परिचारिका तिघेही प्रतिवादी असतील, तर एकाच रकमेतून तिघांचा बचाव आणि भरपाई भागवावी लागू शकते. हितसंबंधही नेहमी जुळत नाहीत. ‘यंत्र सदोष होते’ असे परिचारिकेचे म्हणणे असेल, तर ते रुग्णालयाच्या विरोधात जाते. अशा वेळी एकच वकील दोघांची बाजू नीट मांडू शकत नाही.

स्वतःच्या नावाची पॉलिसी असेल तर मर्यादा स्वतःची असते आणि वकील तिच्यासाठी उभा राहतो. शिवाय अशा अनेक पॉलिसींमध्ये परवाना मंडळापुढच्या चौकशीचा खर्चही धरलेला असतो. रुग्णाने दावा लावला नाही, पण मंडळाकडे तक्रार केली, तर पणाला नोकरीच लागते. रुग्णालयाची पॉलिसी अशा चौकशीत हात वर करू शकते.

केंद्र सरकारच्या सेवेतल्यांचे गणित वेगळे आहे. माजी सैनिकांची रुग्णालये किंवा लष्करी रुग्णालये इथल्या कर्मचाऱ्याकडून कामात चूक झाली, तर संघीय कायद्यानुसार दावा सरकारवर होतो, त्या व्यक्तीवर नाही. मात्र तिथेच कंत्राटावर काम करणाऱ्यांना हे छत्र सहसा मिळत नाही. एकाच शस्त्रक्रियागृहात शेजारीशेजारी काम करणाऱ्या दोघींपैकी एक सुरक्षित आणि दुसरी उघड्यावर, असे होऊ शकते.

घटना की दावा?

सर्वांत जास्त गफलत होते ती तारखांच्या बाबतीत. अमेरिकेत या विम्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला ‘ऑकरन्स’, म्हणजे घटनेवर आधारलेला. पॉलिसी चालू असताना घटना घडली असेल, तर दावा कितीही वर्षांनी येवो, संरक्षण मिळते. दुसरा ‘क्लेम्स-मेड’, म्हणजे दाव्यावर आधारलेला. यात घटना आणि दावा दोन्ही पॉलिसीच्या काळातच व्हावे लागतात. पॉलिसीत एक मागची तारीख लिहिलेली असते. त्या तारखेपूर्वीच्या घटना यात धरत नाहीत. पहिली काही वर्षे या प्रकाराचा हप्ता कमी असतो, मग तो दरवर्षी वाढत जातो. म्हणून नव्या उमेदवाराला तो स्वस्त वाटतो.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका परिचारिकेने मे २०२३ मध्ये बाळंतपणात पाठीतून भूल दिली. तिला क्लेम्स-मेड पॉलिसीचे संरक्षण होते. मार्च २०२४ मध्ये तिने नोकरी सोडली आणि ती पॉलिसी तिच्यापुरती संपली. एप्रिलमध्ये ती दुसरीकडे रुजू झाली. नव्या पॉलिसीतली मागची तारीख एप्रिल २०२४ ची आहे. २०२५ मध्ये त्या रुग्णाने दावा लावला. जुनी विमा कंपनी म्हणेल, दावा आला तेव्हा पॉलिसी नव्हती. नवी म्हणेल, घटना आमच्या तारखेच्या आधीची आहे. दोन्ही कंपन्या नियमाने बरोबर आहेत. परिचारिकेने एक दिवसही विम्याविना काम केलेले नाही, तरी त्या दाव्यापुरती ती पूर्ण उघडी आहे.

हा खड्डा बुजवण्यासाठी जे वाढीव संरक्षण घ्यावे लागते, त्याला तिकडे ‘टेल’ म्हणजे शेपूट म्हणतात. जुनी पॉलिसी संपल्यावर येणारे दावे ही शेपूट सांभाळते. तिची किंमत एकरकमी द्यावी लागते आणि ती बहुधा वार्षिक हप्त्याच्या दीडपट ते दुप्पट असते. समजा हप्ता सहा हजार डॉलर असेल, तर नोकरी सोडताना बारा हजार डॉलर काढून ठेवावे लागतील. दुसरा मार्ग म्हणजे नव्या कंपनीकडून जुनी मागची तारीख मान्य करून घेणे. हे पैसे कोण भरणार, हे नोकरीच्या करारात आधीच लिहून घेतले नसेल, तर बाहेर पडताना पदरमोड ठरलेली.

मालक सांगेल तसे होईलच, याचीही खात्री नसते. फिलाडेल्फियातील हानेमन विद्यापीठ रुग्णालय २०१९ मध्ये दिवाळखोरीत बंद पडले. तिथे शिकणाऱ्या साडेपाचशेहून अधिक निवासी डॉक्टरांना कळले, की त्यांच्या शेपटीच्या विम्याचे पैसे मालक भरणार नाही. त्यांनी तिथे दिलेल्या उपचारांबद्दल पुढे दावे आले, तर बचाव कोण करणार, हा प्रश्न उभा राहिला. बऱ्याच धडपडीनंतर व्यवस्था झाली; पण मालकाची पॉलिसी मालकाबरोबरच बुडू शकते, हा धडा भूल देणाऱ्या परिचारिकांसह सगळ्यांनाच मिळाला.

विमा कंपनीही कायम नसते. वैद्यकीय हलगर्जीपणाचा विमा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत गणली जाणारी सेंट पॉल ही कंपनी डिसेंबर २००१ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली. हजारो डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना नवी पॉलिसी शोधावी लागली, तीही चढ्या दराने. स्वस्त हप्त्याबरोबर कंपनीची आर्थिक ताकद पाहणे का गरजेचे, हे त्यातून कळते.

आणि दावा किती उशिरा येऊ शकतो? कॅलिफोर्नियात प्रौढ रुग्णासाठी दुखापतीपासून तीन वर्षे किंवा ती लक्षात आल्यापासून एक वर्ष, यांतली जी आधी संपेल ती मुदत असते. सहा वर्षांखालील मुलासाठी तीन वर्षे किंवा आठव्या वाढदिवसापर्यंत, यांतली जी मोठी ती. न्यूयॉर्कमध्ये अज्ञान मुलाच्या बाबतीत ही मुदत दहा वर्षांपर्यंत ताणली जाते. प्रसूती आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रियांत भूल देणाऱ्यांची शेपूट म्हणूनच लांब लागते.

रक्कम, संमती आणि नोंद

अमेरिकेत नेहमी आढळणारी मर्यादा एका दाव्यासाठी १० लाख डॉलर आणि वर्षभरासाठी ३० लाख डॉलर अशी असते. आकडा मोठा दिसतो. पण वकिलाचा खर्च याच रकमेतून वजा होतो की वेगळा दिला जातो, हे पाहावे लागते. तज्ज्ञ साक्षीदार आणि लांबलेली सुनावणी यांत मोठी रक्कम जाते. ती आतूनच वजा होत असेल, तर रुग्णाला द्यायला तितके कमी उरते. काही राज्यांनी वेदना आणि मानसिक त्रासाच्या भरपाईला मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पासून ती अडीच लाख डॉलर होती. २०२३ पासून ती साडेतीन लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख झाली. दहा वर्षांत ती टप्प्याटप्प्याने अनुक्रमे साडेसात लाख आणि दहा लाखांवर जाईल. आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न यांना मात्र ही मर्यादा नाही.

तिसरा प्रश्न तडजोडीचा. अनेक दावे न्यायालयाबाहेर मिटतात. खटला लढण्यापेक्षा पैसे देणे स्वस्त, असा हिशेब विमा कंपनी करते. पण परिचारिकेच्या वतीने एक डॉलरही दिला गेला, तरी त्याची नोंद राष्ट्रीय माहितीपेढीत होते. १९९० पासून चालू असलेली ही पेढी पुढच्या नोकरीच्या वेळी रुग्णालये तपासतात. चूक नसताना झालेली तडजोडही तिथे दिसते. म्हणून ‘माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड नाही’ हे कलम महत्त्वाचे. त्याचीही एक पळवाट असते. काही पॉलिसी म्हणतात, तुम्ही तडजोड नाकारलीत आणि निकाल त्याहून मोठ्या रकमेचा लागला, तर वरचा भार तुमचा. बारीक अक्षरांतले हे वाक्य संमतीचा अधिकार जवळजवळ काढून घेते.

विमा काय करत नाही, हेही सांगायला हवे. टेनेसी राज्यात गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू निकामी करणारे औषध दिल्याने २०१७ मध्ये एका वृद्धेचा मृत्यू झाला. औषध देणाऱ्या परिचारिकेला २०२२ मध्ये फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आले आणि तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. ती भूल देणारी परिचारिका नव्हती. पण ती दोन्ही औषधे भूल देणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहेत. हलगर्जीपणाचा विमा नुकसानभरपाई देतो, शिक्षा भोगत नाही.

स्वतंत्र पॉलिसीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. विमा आहे म्हटल्यावर वकील तिलाही दाव्यात ओढतील, म्हणून नसलेलाच बरा. यात थोडे तथ्य आहे. पैसे असतील तिथे दावा जातो. पण भूल देणारी व्यक्ती घटनेच्या इतकी जवळ असते, की तिचे नाव वगळले जाण्याची शक्यता मुळातच कमी. विमा नसेल, तर ती दाव्यातून सुटत नाही. फक्त वकिलाचे पैसे घरातून जातात. आणि ज्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याच्या पालकांच्या हातीही फारसे काही लागत नाही.

फायलींतून आलेली सुरक्षितता

विम्याने रुग्णाला दिलेली एक गोष्ट पैशांपलीकडची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी भूलतज्ज्ञांनी विमा कंपन्यांच्या निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली अभ्यासायला घेतल्या. अनेक मृत्यू आणि मेंदूच्या इजा श्वासोच्छ्वासातला बिघाड वेळेवर न कळल्याने झाल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच चांगल्या देखरेखीने टळल्या असत्या. १९८६ मध्ये भूल देताना करायच्या देखरेखीचे निकष ठरले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र यांचा वापर रूढ झाला. भूल अधिक सुरक्षित झाली आणि पुढच्या काळात भूलतज्ज्ञांचे विम्याचे हप्तेही उतरले. परिचारिकांच्या संघटनेनेही पुढे अशाच फायलींचा अभ्यास केला. आज जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ऐकू येणाऱ्या ऑक्सिमीटरच्या टिकटिकीमागे या जुन्या फायलींचाही वाटा आहे.

महाराष्ट्रात याचा अर्थ

आपल्याकडे भूल देणे हे भूलशास्त्रात शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे काम आहे. परिचारिका आणि तंत्रज्ञ मदत करतात. पण कामाची रचना पाहिली, तर अमेरिकेतल्या कंत्राटी परिचारिकेची आठवण येते. तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या उपनगरांत अनेक भूलतज्ज्ञ कोणत्याच एका रुग्णालयाचे नसतात. सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री तिसरीकडून फोन. यंत्र, औषधे, परिचारिका सगळे दुसऱ्याचे. त्या रुग्णालयाच्या पॉलिसीत आपले नाव आहे का, हे विचारायला सवड कोणाला असते?

भारतातली डॉक्टरांची व्यावसायिक विमा पॉलिसीही दाव्यावर आधारलेली असते आणि तिच्यातही मागची तारीख असते. नूतनीकरण एकदा चुकले की ती तारीख पुढे सरकू शकते आणि आधीची वर्षे उघडी पडतात. विमा कंपनी बदलताना जुनी तारीख नव्या पॉलिसीत उतरली आहे ना, हे तपासणे म्हणूनच गरजेचे. निवृत्त होणाऱ्यानेही शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच पॉलिसी सोडू नये. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००४ मध्ये, रुग्णालयात झालेल्या हलगर्जीपणाला रुग्णालय जबाबदार असते आणि रुग्णाने प्रत्येक डॉक्टरचे नाव शोधून त्याला पक्षकार केलेच पाहिजे असे नाही, हे स्पष्ट केले. कोलकात्यातील अनुराधा साहा यांच्या मृत्यूच्या प्रकरणात २०१३ मध्ये जवळपास सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज, अशी भरपाई ठरली. तिच्यातला मोठा भाग रुग्णालयाने द्यायचा होता, पण डॉक्टरांच्याही नावावर लाखांच्या रकमा आल्या. काही लाखांची पॉलिसी काढून निश्चिंत राहण्याचे दिवस तेव्हाच संपले.

परिचारिकांकडे मात्र अजून कोणाचे लक्ष नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडले, तर ती दोन वर्षांपर्यंत आहे. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांपुरती आहे. म्हणजे एकाच टेबलाजवळ, एकाच घटनेत, डॉक्टरने सांगितलेले औषध भरून देणारी परिचारिका डॉक्टरपेक्षा मोठ्या शिक्षेच्या छायेत उभी आहे. ती शिक्षा विम्याने टळणार नाही. पण दिवाणी दाव्यात आणि परिषदेपुढच्या चौकशीत बाजू मांडायला वकील मिळणे तरी तिच्या हक्काचे असायला हवे.

तेव्हा नर्सिंग होम चालवणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीत कोणकोणते कर्मचारी धरलेले आहेत, बाहेरून येणारा भूलतज्ज्ञ त्यात आहे का, हे एकदा वाचावे. भूलतज्ज्ञांनी आपली मागची तारीख पाहावी. परिचारिकांनी ‘माझे नाव कुठे आहे?’ असे विचारावे. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. अमेरिकेत शिकायला किंवा कामाला गेलेल्या मराठी मुलामुलींनी करारावर सही करण्याआधी शेपटीचे पैसे कोण भरणार, हे लिहून घ्यावे.

आणि रुग्णांनी? शस्त्रक्रियेच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे, नाव विचारावे, आपली औषधे, ॲलर्जी आणि आधीच्या भुलीचा अनुभव सांगावा. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यातून जे टळते, त्यासाठी कुठलाच दावा करावा लागत नाही.